वाळूतली कोल्हीण आणि माझा शिक्का

मला कोल्हिणीने फसवलं नाही. आमच्या वस्तीच्या प्रमुखाने फसवलं.

नव्वदच्या दशकात टोकियोच्या ओजिमा भागातला फ्लॅट सोडून मी आणि बायको समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांपाशी राहायला गेलो. नऊ घरांची वस्ती. वाळू अंगणात, तांदळात, अंथरुणात. लोक त्याच वाळूत छोटे पांढरे कांदे पिकवत. मी करीचं दुकान टाकलं, कोणाचा हात न धरता, आणि मागे बारा कोंबड्या पाळल्या. माझी अंडाकरी खपायची ती त्यांच्या जिवावर. वस्ती मला करी-सान म्हणायची, म्हणजे करीवाले साहेब.

टेकडीत कोल्हे राहत. सकाळी खुराड्याभोवती पावलांची रांग दिसायची, शिवणीच्या टाक्यांसारखी सरळ. पानगळीच्या दिवसांत तीन कोंबड्या गेल्या. मी सापळा आणला. तासाभरात प्रमुख दारात. निवृत्त मास्तर, हातात कांद्याच्या लोणच्याची बरणी.

“करी-सान, सापळा नको. कोल्हीण टेकडीची आहे.”

“टेकडीची असेल. कोंबड्या माझ्या आहेत.”

मग घासाघीस झाली. मी सापळा परत करायचा. बदल्यात वसंतातल्या सामूहिक सफाईच्या दिवशी सगळ्यांनी मिळून खुराड्याभोवती जाळी पुरायची.

“एक हात खोल,” ते म्हणाले.

“दोन. ही वाळू आहे, कोल्हीण खालून उकरून येईल.”

“बरं, दोन.” बरणी माझ्या हाती देऊन, कमरेत वाकून ते गेले. मी सापळा परत केला.

हिवाळ्यात सूचनांची पाटी आली. ही पाटी घरोघर फिरते. प्रत्येकाने वाचून सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. मला जपानी बोलता यायचं, वाचता नाही. बायको म्हणाली, “अहो, कुणाकडून तरी वाचून घ्या.”

“कचऱ्याचंच असणार.” फोडणी करपत होती. मी शिक्का मारला. कांद्याचं पोतं ओतून पाहिल्याशिवाय कधी घेतलं नाही, तो मी!

सफाईच्या दिवशी लोकांनी गवत उपटलं आणि चहाला बसले. मी विचारलं, “जाळी?”

प्रमुखांनी हिवाळ्यातल्या पाटीवरचा, घडी केलेला कागद उलगडला. “पक्षी पाळणाऱ्यांनी आपापली सोय करावी, असं कळवलं होतं. कोणाची हरकत आली नाही. हा तुमचा शिक्का.”

आठ शिक्के सरळ, माझा उलटा.

“मला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं!”

“विचारायचं होतंत, करी-सान.”

“एवढा सौदे करणारा माणूस, आणि वाचत नाही!” कोणीतरी म्हणालं. बाकीचे हसले.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटाच खणू लागलो. खणावं तेवढी वाळू परत आत. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूने कोल्हीण पहाटे शिरली आणि नऊच्या नऊ कोंबड्या गेल्या. पिसं गोळा करताना ती मला टेकडीवर दिसली, बरगड्या निघालेली, मागे दोन पिल्लं. तिच्यावर राग येईना. ती भुकेली होती, आणि तिने मला कसलाच शब्द दिला नव्हता.

दुकानाच्या फळ्यावरून अंडाकरी मी स्वतःच्या हाताने पुसली. लोणच्याची बरणी अजून तशीच आहे, झाकण न उघडलेली.

कागदावर शिक्का माझा होता, मान्य. पण माझ्या दारात “दोन” म्हणून कमरेत वाकलं कोण? प्रमुखसाहेब, कागद घडी करून ठेवा आणि त्याचं उत्तर द्या.