टालिनमधली चुकामूक

मुलाने भाड्याने घेतलेलं मोटरहोम म्हणजे आत शेगडी, पलंग आणि न्हाणी असलेली मोठी गाडी. मुलगा जर्मनीत असतो. तिथून निघून तो, त्याचे वडील आणि मी असे तिघं उत्तरेकडे, समुद्रकाठच्या टालिनला पोचलो. बंदराजवळ गाडी लावली आणि जुन्या शहरात पायी निघालो. मुलगा हौसेने दाखवत होता, हा तट, हा बुरूज, ही जुन्या व्यापाऱ्यांची घरं. मी मान डोलवत होते, पण माझं सगळं लक्ष यांच्या हाताकडे होतं.

गाडीतून उतरल्यापासून तो हात मी सोडला नव्हता. गेल्या हिवाळ्यात जळगावला, आमच्या पिंप्राळ्यात, हे दूध आणायला गेले आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून एका रिक्षावाल्याला आमच्या घराचा पत्ता विचारायला लागले. रिक्षावाला ओळखीचा होता. त्याला वाटलं आबा गंमत करताहेत, हसत घरी आणून सोडलं. मला हसू आलं नाही. मुलाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "वय झालं आई, होतं असं." इतक्या लांबून सगळंच वयावर ढकलता येतं.

"आई, सोड की त्यांचा हात. शाळेत सोडायला निघालीयस का?" तो म्हणाला. त्याला तटाच्या दरवाजापाशी माझा एकटीचा फोटो हवा होता, साडी आणि खाली त्याने घेऊन दिलेले पांढरे बूट. मी पदर सारखा केला आणि उगाच हसले. त्याने एक उभा काढला, एक आडवा काढला. मी वळून बघितलं तर हे नव्हते.

आधी मी चिडलेच. या माणसाला दोन मिनिटं एका जागी उभं राहवत नाही, चहाची टपरी शोधायला गेले असतील, असं मोठ्याने म्हटलं. मग एका बोळात शिरून हाक मारली, दुसऱ्यात शिरून मारली. बोळ सगळे सारखेच. उंच भिंती, लहान खिडक्या, पायाखाली गुळगुळीत गोटे. प्रत्येक वळणावर वाटायचं की आता दिसतील, आणि दिसायचा कुत्रं घेऊन निघालेला कुणी गोरा म्हातारा. यांचा फोन गाडीत चार्जिंगला, पासपोर्ट मुलाच्या पिशवीत. इंग्रजी येत नाही, आणि हल्ली तर मराठीही मागे पडून तोंडात गावाकडची अहिराणीच येते. कुणाला काय सांगणार हे? शिवाय चार पावलांवर समुद्र. संध्याकाळ झाली तरी लख्ख ऊन होतं. यांना इथे टाकून आपण परत कशा जाणार, असा अभद्र विचार मनात आला, तो जाईचना.

मुलगा पोलिसांचा नंबर शोधत होता. त्याचाही चेहरा उतरला होता.

"इथे स्टँड कुठे आहे?" मी विचारलं.

"आई, आत्ता स्टँड काय करायचाय?"

"अमळनेरला, धुळ्याला, बाजारात चुकामूक झाली की आम्ही एकमेकांना शोधत फिरत नाही. स्टँडवर जाऊन थांबतो. जन्मभर तेच केलंय."

तटाबाहेर, रेल्वे स्टेशनसमोर, बसचे थांबे होते. या गुडघ्यांनी मी चक्क पळाले. मुलगा फोन सावरत मागून येत होता. अगदी टोकाच्या थांब्यावर, बाकावर, हे बसलेले दिसले. स्वेटरची बटणं नीट लावलेली, नजर रस्त्याकडे. जीव भांड्यात पडला. रडू आणि राग एकदमच आले. काय काय सुनवायचं ते ओठांवर होतं, पण दम लागलेला, म्हणून आधी शेजारी बसायला गेले.

यांनी हात आडवा केला. बाकावर शेजारच्या जागी यांचा रुमाल पसरलेला होता, एसटीत खिडकीतून टाकतात तसा.

"अक्का, आठे नका बठा," हे अदबीने म्हणाले. "जागा धरेल शे. मनी बायको ई राहिनी. तिना पाय दुखतस."

माझी बायको येतेय, तिच्यासाठी जागा धरलीय, असं हे मलाच सांगत होते. यांना थट्टेची सवय आहे, म्हणून मी तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. परक्या बाईशी बोलताना असतो तेवढा संकोच होता. मग हे माझ्या खांद्यावरून पलीकडे रस्त्याकडे बघायला लागले. हे सापडले होते, आणि मला त्या बोळांमध्ये वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

मुलगा धापा टाकत आला. त्याने यातलं काही ऐकलं नव्हतं. "सापडले ना, बास," तो म्हणाला. "आई, बस ना जरा. किती दमलीयस."

"जागा धरलेली आहे," मी म्हटलं, आणि उभीच राहिले.