चिंचेवर घातलेला आळ

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही. आता मी इथं आखातातच, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत, मुलाकडे राहतो. सूनबाईंनी हौसेनं घेतलेला एक दल्ला, म्हणजे अरबी कॉफीची लांब चोचीची पितळी किटली, दिवाणखान्यात आहे. शुक्रवारी त्या तो पुसायला घेतात आणि मी उठून बाल्कनीत जातो. बाबांना पॉलिशचा वास सोसत नाही, असं घरात सगळ्यांनी धरून चाललंय. ते खोटं नाही, पण पुरं खरंही नाही.

गावाकडे मी काडतुसांच्या कारखान्यात तपासनीस होतो. त्या जोरावर अल रय्यानमधल्या एका घरी नोकरी लागली. अरबाबांना, म्हणजे मालकांना, नेमबाजीचा नाद होता. त्यांच्याकडे परवाना होता आणि सरावाची काडतुसं ते घरीच भरत. अंगणापलीकडच्या खोलीत त्यासाठी टेबल, कपाटं, सगळं होतं. भरायचं काम ते स्वतः करत. माल निवडायचं काम माझं.

बुडाशी बसवायच्या टोप्या, प्रायमर म्हणतात त्या, मी सीलबंद आणि एकाच खेपेच्या असतील तरच घेई. ऑगस्टात इथली हवा ओल्या फडक्यासारखी असते. दमट झालेली टोपी कधी उडते, कधी उडत नाही, आणि उशिरा उडाली तर त्याहून वाईट. रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे उडवलेल्या काडतुसांची पितळी कवचं, मात्र एकेक हातात घ्याव्या लागत. तोंडाशी चीर आहे का, बुडाच्या वर उजळ कडं उमटलंय का, आत वाकवलेली तार फिरवली तर खाच लागते का. मी एखादी बाजूला टाकली की अरबाब न बघताच म्हणत, "खलास." पाहुण्यांना सांगत, याची निवड चुकत नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं.

त्याच घरात साताऱ्याकडचा एक जण वरकामाला होता. माझ्याहून लहान, मला अण्णा म्हणायचा. मजलिसमधले, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीतले, दल्ले तो चिंचेनं घासायचा, गावाकडे देवाची भांडी घासतात तसे. अरबाबांची म्हातारी आई त्यात तोंड बघून हसायची. एकदा दल्ला माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "अण्णा, ही चोच बघा. हुबेहूब आमच्या सासऱ्याचं नाक."

"सासऱ्याला सांगू का?"

"सांगा की. त्येंच्याच चिंचेनं घासलाय. पोरगी दिली तवापास्नं चिंच तेवढी द्येत्यात."

त्या थंडीत अरबाबांकडे नेमबाज पाहुणे यायचे होते आणि पुंगळ्या घासायचं यंत्र नेमकं बिघडलं. मी त्याला म्हटलं, तूच घास बाबा तुझ्या चिंचेनं. त्यानं मन लावून घासल्या, दोनदा पाण्यातून काढल्या, गच्चीवर वाळवल्या. स्वच्छ निघाल्या, पण रंग थोडा तांबूस आला. पाहुण्यांपुढे मला सोन्यासारखं पितळ हवं होतं. धुण्याच्या खोलीत पॉलिशची एक बाटली होती. बूच काढताच डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे आत अमोनिया होता. अमोनिया पितळेला आतून खातो, वरून काही दिसत नाही आणि पुढे कधीतरी ते तडकतं, हे मला कारखान्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी स्वतः ते नव्या पोरांना शिकवलं होतं. तरी पुंगळ्या त्यात बुडवल्या आणि दुपारभर राहू दिल्या. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं. तो तेव्हा बाजारात गेला होता. परत आल्यावर चमक बघून तो खूश झाला. ती आपल्या चिंचेची, असंच त्याला वाटलं. मीही वाटू दिलं.

पाहुणे येऊन गेले. काही आठवड्यांनी त्यातलंच एक काडतूस अरबाबांच्या धाकट्या भावाच्या बंदुकीत फाटलं. गरम वायू मागे आला. गालाची जखम भरून आली, उजवा डोळा कायमचा अधू झाला.

अरबाबांनी ती पुंगळी माझ्यापुढे ठेवली. उभी, सरळ चीर गेली होती. हातात घ्यायच्या आधीच मला कळलं.

"किसने साफ किया था?" त्यांनी विचारलं.

"उसने," मी म्हणालो. तिथंच थांबलो असतो तर ते निम्मं तरी खरं ठरलं असतं. पण पुढे म्हणालो, "इमली लगाया था, अरबाब."

तो कॉफीचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. ट्रे खाली ठेवून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

त्याला परत पाठवायचं ठरलं. सामान बांधताना त्यानं मला विचारलं, "अण्णा, चिंचेनं असं हुतंय व्हय? तुम्ही जाणता म्हून इचारतो."

मी म्हणालो, "होतं कधी कधी."

विमानतळावर मीच त्याला सोडलं. उतरताना त्यानं उरलेल्या चिंचेचा गोळा माझ्याजवळ दिला. "आजीचे दल्ले काळे पडू देऊ नका," म्हणाला. घरी येताना मी तो गोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

नोकरी संपेपर्यंत अरबाब माझी निवड चुकत नाही असंच सांगत राहिले. पुढे एकदा भारतात गेलो तेव्हा ठरवून त्याच्या गावी गेलो. काय बोलायचं ते वाटेत एसटीत पाठ करत होतो. त्यानं उठून माझ्या पायांना हात लावला. देव्हाऱ्यातली समई, तांब्या, देव, सगळं काळं पडलं होतं. माझी नजर गेलेली बघून त्याची बायको म्हणाली, "आता ह्ये हात लावत न्हाईत आन् मलाबी चिंच लावू देत न्हाईत. ह्या हातानं एकाचा डोळा गेला म्हणत्यात."

तो मान खाली घालून हळूच म्हणाला, "अण्णा, माझ्यापायी तुमच्या कामाला बट्टा लागला. माफ करा मला."

तेव्हाच बोलायचं होतं. शब्द अगदी ओठावर होते. मी म्हणालो, "असू दे रे. झालं गेलं." मग चहा प्यायलो, दुपारची एसटी पकडली.

यंदा त्याच्या मुलाचा फोन आला, बाबा गेले म्हणून. पोरगं सांगत होतं की शेवटपर्यंत तुमचं नाव चांगलं काढायचे.

गावी जाताना मी पाठ केलं होतं ते एवढंच होतं: गड्या, चिंचेनं काही झालं नव्हतं. तू घासलेल्या पुंगळ्या चांगल्या होत्या. त्यांच्यावर बाटली मी ओतली, आणि नाव तुझं सांगितलं. देव्हाऱ्यातली भांडी खाली काढ, घास. तुझ्या हातांनी काही केलेलं नाही. मला माफ कर.