ताग कुजेपर्यंत

माझी मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, झुंबरबाई एका जागी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. सावद्याजवळचं तिचं शेत नव्या रस्त्यात गेलं, तेव्हापासून तिनं आम्हालाही बसू दिलं नाही.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी शेतात केळी नव्हती. बाग निघाली की पुढच्या लावणीआधी जमिनीला ताग खाऊ घालायचा, म्हणजे पेरून हिरवाच मातीत गाडायचा, हा तिच्या सासऱ्यापासूनचा नेम. भाऊबंदांनी भरपाईसाठी झाडं जास्त मोजली जावीत म्हणून रातोरात लिंबाची रोपं खोचली होती. मी तिलाही तेच सुचवलं.

"थकेल्या जमिनीत काड्या खुपसू काय?" म्हणाली, आणि ताग तसाच ठेवला. गाढवापुढे वाचली गीता, असं मी तेव्हा म्हणालो. गाढव कोण, ते अजून ठरायचं होतं.

मोजणीच्या साहेबांनी विहीर हिशेबात धरली, पाइपलाइन धरली, बांधावरचा आंबा धरला. ते निघताना हिनं विचारलं, "आनि माती?"

"माती जमिनीच्या किमतीतच आली, आजी."

"मंग ती मी नेली तं?"

माणूस भला होता. विचार करून म्हणाला, "ताबा घेईपर्यंत शेत तुमचंच आहे. परवानगी काढा आणि न्या. पण ताबा कधी घेतील, ते मलाही माहीत नाही."

झालं. सातपुड्याच्या पायथ्याशी तिच्या वाटणीचा एक तुकडा होता, नुसता मुरूम. आजूबाजूला दुसरी जमीन घ्यावी तर रस्त्यामुळे भाव आभाळाला भिडलेले. तेव्हा इथली काळी माती उचलून त्या मुरमावर पसरायची, असं तिनं ठरवलं. परवानगी काढून मी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन हजर झालो, तर म्हणते, "आते नाही. ताग फुलोऱ्यावर हाये. गाडू, कुजू दे, मंग नेऊ."

"तिकडे नेऊन कुजव ना."

"तिथी पानी कुठी हाये कुजाले?"

तिचं खरं होतं, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं.

ताग गाडला, पाणी सोडलं आणि आमच्या जिवाला घोर लागला. रोज सकाळी ती हातानं माती उकरायची, तागाचा दांडा ओढून वाकवून बघायची. दांडा तुटायचा नाही. रस्त्यावर गाडी वाजली की ताडकन उठायची. रस्ता खोदणारं मशीन आधी शिवेवर दिसलं, मग शेजारच्या शालिग्रामच्या शेतात आलं.

"मोठीमाय, माती गेल्यावर कुजेला ताग घिसन काय करशीन?" मी ओरडलोच. ती पुन्हा माती उकरायला लागली. बांधावर तिच्या भाकरीचं फडकं सकाळपासून तसंच बांधलेलं होतं. तीही घाबरली होती, हे मला तेव्हा कळलं आणि माझीच मला लाज वाटली.

शेवटी एका सकाळी दांडा तिच्या बोटांत चुरला. आम्ही खेपा सुरू केल्या. मी जेवायलासुद्धा उतरलो नाही. अर्धं शेत खरवडून झालं आणि ताबा घ्यायला माणसं आली. तिनं भांडण केलं नाही. "आर्धी राह्यली," एवढंच म्हणाली आणि बांधावर बसली. मशीन आत शिरलं तरी उठली नाही.

पायथ्याचा तुकडा आता अर्धा काळा आहे, अर्धा तांबडा. काळ्यात तिनं ज्वारी पेरली. परवा मला बोलावलं, तर तांबड्यात तागाचं बी फेकत होती.

"हे काळं कधी व्हईन?" मी विचारलं.

"तिकडच्या वावराले माह्या सासऱ्याचा जलम गेला व्हता."

मोठीमायनं सत्तरी कधीच ओलांडली. मला राग आला. रस्त्याचा, मोजणीचा, त्या मुरमाचा. कुणाचा ते नीट सांगता येत नाही.

"मंग तू काबरं फेकू राह्यली?"

तिनं ओटीतलं निम्मं बी माझ्या रुमालात ओतलं.

"म्हनूनच तं तुले बलावलं," ती म्हणाली. "तिकडल्या बांधापासून धर."