वहिनी, पंखा चालू राहिलाय

आमचे हे गेल्यावर घरात दोघीच उरलो: मी आणि डिझेलची गाडी. दोघींचं पुढे काय करायचं ते नातेवाइकांनी तेराव्याच्या जेवणावरच ठरवून टाकलं. मी पुण्याला धाकट्या दिरांकडे जायचं आणि गाडी विकून टाकायची. मूलबाळ नसलेल्या बाईचं ठरवायला लोकांना वेळ लागत नाही. मला राग आला की मी हट्टाला पेटते. मी डोंबिवली सोडली नाही आणि पुढच्याच आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी ठाण्यात बँकेत होते. संध्याकाळी मुंब्र्यावरून शीळफाट्याला यायचं आणि तिथे ट्रकांच्या मागे अडकून पडायचं. फाट्यावर इंजिन तापायचं, मीही तापायचे. सोसायटीत येऊन गाडी भिंतीला लावली, किल्ली काढली, दार लावलं, तरी बॉनेटखाली पंखा घोंघावत राहायचा.

आमच्या सोसायटीतली माणसं वाईट नव्हती. हे गेले तेव्हा थर्मास भरभरून चहा आला, पिठलंभात आला, रात्री सोबतीला कुणी ना कुणी झोपायला आलं. पण ते दिवस सरले आणि माझ्याशी काय बोलायचं हे कुणालाच कळेना. मी जिना चढायला लागले की बायकांच्या गप्पा थांबत. हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसे. पुरुष नजर चुकवून, माझ्या चपलांकडे बघत ओळखीचं हसत. बँकेतून निघाल्यापासून दुसऱ्या दिवशी बँकेत पोचेपर्यंत, एक दूधवाला सोडला तर, माझ्या तोंडून शब्द निघत नसे. त्याच्याशी मी पातळ दुधावरून भांडायचे, ते निव्वळ भांडायला कुणीतरी हवं म्हणून. मला फार एकटं वाटायचं. तेव्हा मात्र हे कुणी म्हणालं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

अशात एका संध्याकाळी तळमजल्यावरचे काका गॅलरीतून ओरडले, "वहिनी, पंखा चालू राहिलाय!"

"राहू दे. तो आपला आपण बंद होतो," मी म्हटलं.

"अहो, बॅटरी उतरेल! सकाळी धक्का मारावा लागेल."

दुसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी सांगितलं. मग भाजी घेऊन येणाऱ्या दोघींनी. "अगं, काहीतरी जळेल हं," त्यातली एक म्हणाली आणि दोन पावलं मागे सरली. एकाने तर माझ्या हातातली किल्ली मागितली, मी नीट फिरवली नसेल म्हणून. मला खरा राग आला तो इथे. हीच गाडी हे रोज इथेच लावत होते आणि हाच पंखा असाच फिरत होता. त्यांना कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. बाई उतरली, म्हणजे काहीतरी विसरलीच असणार!

मी गॅरेजवाल्याला खोदून खोदून विचारलं आणि येईल त्याला समजावू लागले. इंजिन बंद झालं की ते गार ठेवायला पाणी फिरवणारा पंपही थांबतो. पण डिझेलचं इंजिन जड, त्या लोखंडातली धग कुठे जाणार? ती जागच्या जागी उभ्या असलेल्या पाण्यात उतरते आणि पाणी आणखी तापतं. ते ठरावीक गरम झालं की एक स्विच पंखा लावतो. त्याची वायर थेट बॅटरीवर असते, किल्लीशी तिचा संबंध नाही. पाणी निवलं की पंखा थांबतो. डाळ गॅसवरून उतरवली तरी थोडा वेळ रटरटतेच, तसंच हे. लोक मान डोलवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगत.

शेवटी माझं डोकं फिरलं. सुवाच्य अक्षरात कागद लिहिला आणि सोसायटीच्या फलकावर, पाण्याच्या वेळांशेजारी लावून टाकला. 'गाडी बंद केल्यावर पंखा चालू राहणे हा बिघाड नसून व्यवस्था आहे. सदर बाब मालकिणीस ठाऊक आहे. कृपया कळवू नये.' खाली सही ठोकली. मजकुरावर मी खूष होते. वर जाऊन एकटीच हसले.

आमच्याकडे लेखी सूचनेला फार मान. दुसऱ्या दिवसापासून कुणीही कळवलं नाही. काका गॅलरीत उभे होते. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे हसून ते आत गेले. भाजी घेऊन येणाऱ्या त्या दोघी गाडीला वळसा घालून गेल्या. आठवडाभर हेच चाललं. मग एका संध्याकाळी मला कळलं की दिवसभरात मला 'वहिनी' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. पंख्याच्या निमित्ताने तरी हे लोक माझ्याजवळ येत होते, आणि ते निमित्त मीच सही करून बंद केलं होतं. त्या दिवशी मी जिन्यातच रडले. कागद काढून टाकला, पण लोकांनी वाचलेलं थोडंच काढून घेता येतं?

पुढे उन्हाळ्यात कळव्याचं एक कुटुंब मधल्या मजल्यावर भाड्याने आलं. त्यातली बाई माझ्याच वयाची. मी गाडी लावून उतरले तेव्हा ती दळणाचा डबा घेऊन येत होती. थबकली.

"अहो ताई, तुमच्या गाडीत काहीतरी चालू राहिलंय."

सगळं उत्तर ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"हो का?" मी म्हटलं. "मला बाई गाडीतलं काही कळत नाही."

"आमच्या ह्यांना कळतं थोडंफार. थांबा, बोलावून आणते. जाऊ नका हं."

ती डबा तिथेच ठेवून जिन्याने वर पळाली. मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. चालू राहा रे बाबा, ते येईपर्यंत तरी चालू राहा, असं म्हणत होते. वर दार उघडल्याचा आवाज आला, तिचं बोलणं ऐकू आलं, कुणीतरी चपला शोधत होतं. आणि पंखा थांबला.

मी दार उघडलं, घाईघाईने आत बसले आणि इंजिन पुन्हा सुरू केलं.