पाहुण्याचा राउंड

मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे, औषधांच्या ठोक दुकानात आठवडाभर बसतो, आणि दर रविवारी सकाळी दहा ते दोन नागपुरात नंदनवनातल्या आमच्या घरी, वरच्या हॉलमध्ये, लोकांना एकमेकांशी मारामारी करायला बोलावतो. टीव्हीच्या पडद्यावरची मारामारी. फायटिंग गेम म्हणतात तिला. दोन माणसं, दोन कंट्रोलर, पडद्यावर दोन पैलवान आणि प्रत्येकाच्या नावावर जिवाची एक पट्टी. फटका बसला की पट्टी घटते, संपली की राउंड गेला. दोन राउंड घेईल त्याची मॅच. एवढं कळलं की सगळं कळलं, असं मी नव्या माणसाला सांगतो. हे साफ खोटं आहे. मला खेळायला लागून पंचवीस वर्षं झाली आणि मला अजून कळलेलं नाही.

नातेवाइकांनी विचारलं तर बायको सांगते, "यांचा रविवारी क्लास असते." कशाचा, असं पुढे कोणी विचारलं तर ती चहा टाकायला उठते.

सुरुवातीला आम्ही सातजण होतो, सगळे जुने खेळाडू. त्यात सगळ्यात तरबेज म्हणजे इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी. तो हॉस्टेलवरून आपला टीव्ही गोधडीत गुंडाळून स्कूटरवर आणायचा आणि मला काका म्हणायचा. पण सातजणांत मजा किती दिवस येणार? मी नव्या लोकांना बोलावू लागलो. नवे लोक यायचे, बसायचे, पडद्यावर चाळीस सेकंदांत आडवे व्हायचे, आणि मग त्यांना आठवायचं की आईनं दळण आणायला सांगितलं होतं. एका रविवारी सकाळी साडेदहाच्या आत तीन जणांना दळण आठवलं. पूर्व नागपुरातल्या गिरण्यांवर तेव्हा रांगा लागल्या असतील.

मी विचारात पडलो. आमच्याकडे आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय उठू देत नाहीत, आणि इथे मी लोकांना घरी बोलावून मार खायला घालत होतो. शेवटी मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर दोन दिवस मी दुकानात स्वतःशीच हसत होतो. युक्ती अशी की नव्या माणसासमोर जुन्यानं हरायचं. मुद्दाम, पण कळू न देता. याला मी नाव दिलं 'पाहुण्याचा राउंड'. सात जुन्यांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्याचं नाव 'यजमान'. शनिवारी मी त्यावर यादी टाकायचो, की उद्या कोणी कोणासमोर हरायचं. खाली सूचना असायच्या. आपली पट्टी निम्मी होईस्तोवर झुंज द्यावी. हरताना जांभई देऊ नये. 'अरे बाप रे' एकदाच म्हणावं.

"काका, हे काहून करून राहिले तुमी?" विद्यार्थ्यानं विचारलं. "मी इथं हरायले नाई येत."

मी त्याला संस्कारांवर वीस मिनिटं ऐकवलं. तो ऐकून घेत होता, कारण पोहे माझ्या घरचे होते.

खरं सांगायचं तर हरण्यात मी सगळ्यांत पुढे होतो. बाकीच्यांना ओढून ताणून हरावं लागायचं. एकजण फटका बसायच्या आधीच कण्हायचा. माझं मात्र इतकं सहज व्हायचं की विद्यार्थी एकदा म्हणाला, "काका, तुमाले प्रॅक्टिसची गरज नाई." मी ते कौतुक समजलो. लोक टिकू लागले, हॉल भरू लागला, आणि मी स्वतःला समाजसुधारक वगैरे समजू लागलो.

त्याच सुमारास, ऑगस्टातल्या एका रविवारी, एक बाई आल्या. अडतीस-चाळिशीच्या, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली आणि डबा. विद्यार्थी पटकन उठून उभा राहिला.

"मावशी, कोणाले न्यायले आल्या?"

"कोणाले नाई. खेळायले आली."

त्या बुटीबोरीला सूतगिरणीत कामाला होत्या. सुताच्या कोनात, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूत, खोट आहे का, ते तपासायचं काम. तिथेच खोली घेऊन राहायच्या. रविवार सुटीचा, म्हणून बस पकडून आल्या होत्या. त्यांची तेरा वर्षांची मुलगी शाळेसाठी भिवापूरला आजीकडे होती आणि मामाच्या मशीनवर हाच गेम खेळायची.

"पहिले फोनवर घंटा घंटा बोलायची," बाई म्हणाल्या. "आता हं, जेवली, ठेवते. बस. म्हणून मागच्या खेपेले मी तिच्याजवळ खेळायले बसली. दोन मॅच झाल्या अन् तिनं कंट्रोलर खाली ठेवला. म्हणे, तुझ्यासंग मजा नाई येत आई." हे त्या हसत हसत सांगत होत्या, पण बाटलीचं झाकण उगाच उघडत-लावत होत्या. "मले काही तिले हरवायचं नाई भाऊ. तिनं कंट्रोलर खाली ठेवू नये, इतकंच."

एवढं सगळं ऐकून मी काय केलं? शनिवारच्या यादीत त्यांचं नाव घातलं.

अडीच महिने त्या जिंकत राहिल्या. त्यांनी सगळ्यांत धिप्पाड पैलवान निवडला होता आणि त्यांचा एकच डाव होता. उडी मारायची आणि वरून लाथ घालायची. ही लाथ अडवायला काही लागत नाही, पण आम्ही सातही यजमान ती छातीवर झेलायचो. ऑक्टोबरात त्यांनी विद्यार्थ्यालाही हरवलं. तो बिचारा अक्षरशः त्यांच्या लाथेखाली जाऊन उभा राहिला होता. बाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "भाऊ, माही चूक काय होऊन राहिली ते सांगा ना." आणि मी म्हणायचो, "चूक? ताई, तुमच्या हाताला गुणच आहे." आज हे वाक्य आठवलं की मला स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

दिवाळीत त्या पाच दिवस भिवापूरला गेल्या. परतल्यावरच्या रविवारी आल्या त्या आधी खाली थांबल्या, बायकोच्या हातात गावच्या मिरचीच्या तिखटाची पुडी दिली आणि वर आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊ, एक विचारू? तुमी सगळे मुद्दाम हरून राहिले होते काय?"

विद्यार्थी पंख्याकडे पाहू लागला. कण्हणारा यजमान गोधडीची घडी करायला लागला.

त्यांनी मुलीला सांगितलं होतं, की मी नागपुरात सात पुरुषांना हरवलं, त्यात एक तर इंजिनीअरिंगचा आहे. पोरगी इतकी खूश झाली, की धावत जाऊन गल्लीतल्या चार मैत्रिणींना आईचा खेळ पाहायला घेऊन आली. मग आईनं उडी मारली आणि पोरीनं तिला हवेतच पाडलं. पुन्हा उडी, पुन्हा पाडलं. असं दहा-बारा वेळा झालं.

"हसली असती तर बरं झालं असतं भाऊ," बाई म्हणाल्या. "नाई हसली. मैत्रिणींकडं पाहून म्हणे, आई प्रवासानं थकली आहे."

मला बोलायलाच हवं होतं. मी बोलायला लागलो आणि पाहुणा, आदरातिथ्य, आमच्याकडची पद्धत असं काहीबाही सांगत सुटलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"अडीच महिने झाले येऊन राहिली मी. अजून पाहुणीच काय? घरच्या माणसाले लोकं चूक सांगते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं लोक मला चांगला माणूस म्हणत आले, ते या असल्या गोष्टींवरच की काय, अशी शंका त्या दिवशी पहिल्यांदा आली. "संक्रांतीले जाणार आहे मी घरी," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत खरं खेळा." मग बसल्या. त्या दिवशी त्या अकरा मॅच हरल्या. एकदाही त्यांना दळण आठवलं नाही.

'यजमान' ग्रुप मी त्याच संध्याकाळी बंद केला. बंद करताना एक भलामोठा निरोप लिहिला, त्यात दोनदा माफी होती आणि एकदा महात्मा हा शब्द, स्वतःबद्दल नव्हे. विद्यार्थ्यानं उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला.

शिकवायचं काम त्यानंच घेतलं, कारण माझ्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. "मावशी, उडी बंद. खाली बसा, अडवा, वाट पाहा," एवढंच तो सांगायचा. बाईंनी एक वही केली. गिरणीत खोट सापडली की कोणत्या मशीनचा कोन ते लिहावं लागतं, तसं त्या आमच्यापैकी एकेकाची खोट लिहायच्या. स्वतः हरल्या की आधी वही उघडायच्या. डिसेंबरात त्यांनी माझं पान मला वाचून दाखवलं.

"भाऊ, तुमी घाबरले की खाली लाथ मारता. दरवेळी. अन् घाबरता लवकर."

पंचवीस वर्षांत कोणी हे मला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "हे तर मलेही माहीत होतं, त्यासाठी गेम कशाले पाहिजे?"

संक्रांतीच्या आधीचा रविवार आला. बाई माझ्यासमोर बसल्या. मी मन लावून खेळत होतो, शपथेवर सांगतो. पहिला राउंड मी घेतला. दुसरा त्यांनी. तिसऱ्यात माझी पट्टी संपत आली, मी घाबरलो, खाली लाथ मारली, आणि त्यांचा धिप्पाड गडी जणू तिचीच वाट पाहत होता. त्यानं मला उचललं आणि आपटलं. मॅच संपली.

बाईंनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, आज तरी असं नव्हतं करायचं."

"ताई, मी खरंच हरलो!"

"काका," विद्यार्थी म्हणाला, "ते बंद केलं होतं ना आपण?"

मी आईची शपथ घेतली. दुकानाची घेतली. बायकोची घेतली, तर जिन्यातून आवाज आला, "स्वतःची घ्या!" कोणी विश्वास ठेवेना. हरण्यात मी किती पटाईत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद येता येता थांबला होता, आणि तो माझ्यामुळे थांबला होता. त्यांची पहिली खरी मॅच मी खोटी करून ठेवली होती. मला इतका राग आला, स्वतःचा, त्यांचा, विद्यार्थ्याचा, की मी ओरडलो, "बसा! पुन्हा खेळा!"

आणि मग माझ्यातला सोळा वर्षांचा नालायक पोरगा बाहेर आला. तेव्हा मी व्हिडिओ पार्लरमध्ये एकच हलकट डाव खेळायचो. समोरच्याला कोपऱ्यात दाबायचं आणि त्याला श्वास न घेऊ देता तेच ते बटण बडवत राहायचं. त्यापायी पार्लरवाल्यानं मला कॉलर धरून बाहेर काढलं होतं. आता चाळिशीत, घरमालक म्हणून, मी बाईंना कोपऱ्यात दाबलं आणि बडवायला लागलो. हॉलमध्ये गलका झाला. "काका, शोभते काय हे!" मला ऐकू येत नव्हतं. मी उभा राहून खेळत होतो. पायाखाली कोणाची तरी बाटली आली, तीही मी लाथाडली.

बाई खाली बसून अडवत राहिल्या. एक, दोन, दहा, पंधरा. मग एका फटक्यात माझं बोट घसरलं आणि त्यांनी मला धरलं. उचललं, आपटलं. दुसऱ्या राउंडलाही तेच. पट्टी संपली तेव्हा मी माझ्याच घरात, चारचौघांत, बायामाणसांसमोर, इथे लिहिता येणार नाही असा शब्द उच्चारला आणि कंट्रोलर गादीवर भिरकावला. बायको जिन्यातून धावत वर आली.

मी धापा टाकत होतो, कान लाल झाले होते.

"हे खरं आहे," विद्यार्थी म्हणाला. "हे खोटं करता येत नाई."

बाई हसायला लागल्या. पहिल्यांदाच तोंडावर पदर-रुमाल काही न धरता हसल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, आणि त्यातलं जास्त काय होतं ते मला आजही ठरवता येत नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी त्या तिळाचे लाडू घेऊन आल्या. आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो. किती खेळल्या?

"पंधरा. तेरा हरली."

"म्हणजे दोन जिंकल्या!" मी ओरडलो.

"हाव, जिंकली. पण ते नाई सांगून राहिली मी." त्यांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. "आजीनं जेवायले हाक मारली. मी उठली. तर पोरीनं माहा हात धरून मले खाली बसवलं. म्हणे, थांब ना आई, अजून एक."