पेटीखालच्या चार वाट्या

गुरुवार म्हणजे नळाला पाणी नसण्याचा वार. प्रेमलाताई बादलीतलं पाणी जपून घेत कणीक मळत होत्या. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि बाहेरच्या खोलीत भीमराव बुद्धवंदना आटोपून वर्तमानपत्र उलगडत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल धड चालू असताना दार बडवणारा माणूस त्या इमारतीत एकच, सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथराव. कसबा पेठेतलं घर विकून ते येरवड्यात आले त्याला बरीच वर्षं झाली, पण जीभ तिथलीच बरोबर आणली होती.

"गजभिये, टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला वर गेलो होतो," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "तुमच्या मधमाश्यांच्या पेटीत मुंग्या चालल्यात. रांगेनं. निदान त्या तरी इमारतीत शिस्तीनं वागतात."

"आत या ना, चहा टाकते," प्रेमलाताई म्हणाल्या.

"नको. आधी तुमचं ते बघा. नंतर म्हणाल, कळवलं नाही."

भीमराव पायांत चपला न घालताच वर धावले. मागून कणकेच्या हातांनी प्रेमलाताई.

गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात लोखंडी घोडीवर पेटी होती. घोडीचे चारही पाय चार प्लास्टिकच्या वाट्यांत उभे. त्या वाट्यांत पाणी असलं की मुंगी वर चढू शकत नाही, एवढी साधी युक्ती. पण वाट्या कोरड्या ठणठणीत होत्या, आणि एका पायावरून काळ्या मुंग्यांचा दोर थेट पेटीच्या फटीत गेला होता. दाराशी माश्या पाठमोऱ्या उभ्या राहून जिवाच्या आकांतानं पंख फडफडवत होत्या. मुंग्यांना वाऱ्यानं मागे लोटत होत्या. भीमरावांनी कुंचल्यानं मुंग्या झाडल्या, वाट्या भरल्या आणि तिथंच उकिडवे बसून राहिले.

"तिसरा आठवडा," ते म्हणाले. "मागचे दोन गुरुवार मीही म्हटलं, ऊन लागलं असेल, कावळे पाणी प्याले असतील. पण वार चुकत नाही. कुणीतरी मुद्दाम करतंय."

"कोण करणार हो?"

"खबर आधी कोण घेऊन आलं?" भीमरावांनी डोळे बारीक केले. "जो आधी खबर देतो, त्याच्याकडं आधी बघायचं."

हे त्यांचं नोकरीतलं सूत्र. भीमराव मूळचे भंडाऱ्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं तुरुंगाच्या पहाऱ्यावर गेली. कोण उगाच खोकला, कोणाच्या चादरीची घडी आज वेगळी आहे, हे बघण्याचाच त्यांना पगार होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, बघणं थांबलं नाही. भाजीवाल्याचा तराजू, दुधाच्या पिशवीचा कोपरा, जिन्यातलं अनोळखी पाऊल, सगळ्यांची झडती होई. प्रेमलाताईंना हसू येई आणि कधीकधी जीवही जाई.

मग एका मित्राबरोबर ते मधमाशीपालनाच्या वर्गाला गेले आणि वेगळेच होऊन परतले. "प्रेमला, यांच्याही दारात पहारा असतो," जेवताना सांगू लागले. "येणाऱ्या प्रत्येकीला हुंगतात. आपली असेल तर आत, परकी असेल तर हाकल." आयुष्यात प्रथमच त्यांना कुणीतरी आपल्या खात्यातलं भेटलं होतं.

तीन पेट्या आणल्या. पहिली चोरानं रिकामी केली. दोघं नागपूरला लग्नाला गेले असताना कुणीतरी गच्चीवर चढून मधाच्या चौकटी काढून नेल्या, पोळ्यातल्या अळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. चोर सापडला नाही, म्हणून भीमरावांच्या लेखी टाकी धुणारा, इंटरनेटची तार ओढणारा आणि समोरच्या गच्चीवर पतंग उडवणारा असे तिघंही चोर ठरले. त्यांनी गच्चीला कुलूप लावलं. सोसायटीनं ते काढायला लावलं. दुसरी पेटी वळवाच्या वादळात उलटली. झाकण शेजारच्या पत्र्यावर मिळालं आणि माश्या चिखलात. तेव्हापासून तिसरीला दोर, झाकणावर दगड, वर तिरका पत्रा, पावसाच्या बाजूला गोणपाटाचा पडदा आणि 'सावधान' अशी लाल पाटी. चोर, वारा, पाऊस, सगळ्यांचा बंदोबस्त झाला होता.

आणि आता कुणीतरी फक्त पाणी काढून घेत होतं.

ही शेवटची पेटी. सातेरी जातीची माशी मोठी मानी. फार छळ झाला तर ती भांडत बसत नाही. राणीसकट सगळं घरदार उठतं आणि मोकळं पोळं मागं ठेवून निघून जातं. पावसाळ्यात फुलं कमी म्हणून भीमराव साखरेचा पाक ठेवत, त्या पाकाच्या वासानंच मुंग्या येत. दोन दिवसांपासून पायांना पिवळा पराग लावून परतणारी एकही माशी त्यांना दिसली नव्हती. "जायच्या तयारीत आहेत," ते म्हणाले. "अजून एकदा मुंग्या शिरल्या की संपलं."

त्या आठवड्यात घराची चौकी झाली. भीमराव जिन्यात उभे राहून वर जाणाऱ्याला विचारत, "काहून चाललात वर?" रागात त्यांच्या तोंडी गावाकडची बोली येई. वाळवणाची टोपली घेऊन निघालेल्या शेजारच्या पूर्वानं घाबरून "काकडी वाळवायला" असं सांगितलं आणि तिच्या टोपलीत गवार निघाली, तेव्हा तीही यादीत गेली. हिंजवडीहून मुलगी मैत्री फोनवर म्हणाली, "बाबा, सिंपल आहे. कॅमेरा लावा. अ‍ॅपवर लाइव्ह दिसेल."

"कॅमेऱ्याची तार कोण ओढणार? तोच इंटरनेटवाला ना?" भीमरावांनी फोन आईकडं दिला.

सगळा रोख मात्र रंगनाथरावांवर. प्रेमलाताईंना तो पटत नव्हता, पण कुठून येतो ते ठाऊक होतं. गजभिये इथं राहायला आले त्या दिवशी रंगनाथरावांनी विचारलं होतं, "गजभिये म्हणजे नक्की कुठले?" आणि उत्तर ऐकून नुसतं "अच्छा" म्हणाले होते. त्या 'अच्छा'चं वजन दोघांनाही कळलं होतं. पहिलं वर्षभर या मजल्यावर त्यांच्याकडं कुणी वाटी घेऊन विरजण मागायलाही आलं नाही. संशय काही फुकट येत नाही माणसाला. पाठीवर कुठंतरी त्याचा वळ असतो. त्यामुळं नवऱ्याला "उगाच काहीतरी" म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

त्या आपल्या वर जाऊन वाट्या बघत राहिल्या. भीमराव पायांचे ठसे शोधत होते. प्रेमलाताईंना दिसलं ते वेगळंच. एवढे दिवस पाणी भरून राहिलेल्या वाट्यांना हिरवट बुळबुळीत कड यायला हवी होती. इथं आतून लख्ख. कुणीतरी पाणी टिपून घेऊन वाट्या घासल्या होत्या. आणि एका वाटीच्या बुडाशी नारळाच्या शेंडीचा तपकिरी धागा चिकटला होता.

नासधूस करणारा माणूस वाटी घासून ठेवतो होय?

आणि सगळ्या इमारतीत तारेची घासणी सोडून अजून नारळाच्या शेंडीनं भांडी घासणारी बाई एकच होती. चौथ्या मजल्यावरच्या दुर्गाबाई. पहिल्या त्या कोरड्या वर्षानंतर विरजण मागायला आलेल्या पहिल्या बाई.

प्रेमलाताईंनी धागा पदराच्या टोकाला बांधला आणि नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. सांगितलं असतं तर त्यांनी चौथ्या मजल्यावर जाऊन तुरुंगाच्या आवाजात जबानी घेतली असती. गुरुवारी सकाळी वाट्या कोरड्या मिळतात म्हणजे हे काम आदल्या दिवशीच होत असणार, तेव्हा बुधवारी दुपारी आपणच गच्चीवर जायचं, दुर्गाबाईंना गाठायचं आणि हळूच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. बुधवार आला, जेवणं झाली. भीमराव नेहमीसारखे आतल्या खोलीत पडले. भांडी आवरून प्रेमलाताईंनी डोकावून पाहिलं तर पलंग रिकामा. खुंटीवरची छत्री नाही. त्या तशाच जिना चढू लागल्या आणि तिसऱ्या मजल्यावर असतानाच वरून गर्जना आली.

"थांबा! हलायचं नाही!"

"हलायचं नाही काय? मी तुमच्या बराकीतली आहे का?"

प्रेमलाताई वर पोचल्या तेव्हा पाण्याच्या टाकीमागून निघालेले भीमराव मिटलेली छत्री काठीसारखी धरून उभे होते. समोर पेटीपाशी दुर्गाबाई, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात शेंडीची घासणी. माश्या त्यांच्या मनगटावरून ये-जा करत होत्या. एकीनंही त्यांना डंख केला नव्हता.

"तुम्ही?" भीमरावांचा आवाज एकदम उतरला. रंगनाथरावांसाठी तयार ठेवलेलं सगळं बोलणं तोंडातच राहिलं. "तुम्ही काहून असं करता बाई? काय बिघडवलं या जिवांनी तुमचं?"

"माश्यांनी काही नाही. डासांनी बिघडवलंय," दुर्गाबाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी आमच्या प्रियदर्शनीला डेंगू झाला, आठवतंय ना? सून हातची जाते की काय असं झालं होतं. प्लेटलेटसाठी मुलगा रक्तपेढ्यांत भिकाऱ्यासारखा फिरला. तेव्हापासून साठलेलं पाणी दिसलं की मी फडकं घेऊन धावते. आरोग्याच्या बाई गुरुवारी तपासायला येतात, म्हणून मी बुधवारी सगळी इमारत कोरडी करते. कुंड्यांच्या ताटल्या, कूलर, जिन्याखालचे टायर. आणि तुमच्या या वाट्या."

"त्यात डास नाहीत!"

"नाहीत? या, बघा."

भीमराव वाकले. अजून न टिपलेल्या चौथ्या वाटीत पाण्याच्या वरच्या थराला स्वल्पविरामासारखं काहीतरी लटकलं होतं. त्यांनी छत्रीचं टोक लावलं तसं ते वळवळत खाली गेलं. मग दुसरं. मग बरीच.

एवढ्या झडत्या घेतल्या, पण आपल्याच वाटीत वाकून पाहायचं राहिलं होतं.

"पाणी काढलं की मुंग्या चढतात, दुर्गाताई," प्रेमलाताई हळूच म्हणाल्या. "पेटीत शिरतात. आणखी एकदा शिरल्या तर माश्या घर सोडून जातील. शेवटचीच पेटी आहे यांची."

दुर्गाबाईंचा घासणीचा हात खाली आला. "अगं बाई. हे मला काय ठाऊक? मला वाटलं पक्ष्यांना पाणी ठेवलंय. तरी म्हटलं, हा माणूस पक्ष्यांच्या पाण्याला 'सावधान'ची पाटी का लावतो!"

"मग विचारायचं नाही का एकदा?" प्रेमलाताईंनी म्हटलं.

"कुणाला? यांना?" दुर्गाबाईंनी भीमरावांकडं हनुवटी केली. "यांनी जिन्यात नुसतं बघितलं तरी आपल्या पिशवीत काहीतरी चोरीचं आहे असं वाटतं. परवा मला म्हणाले, फडकं कशाला? मी म्हटलं, पुसायला. तरी दोन मजले मागून बघत होते."

प्रेमलाताईंना हसू आवरेना. भीमराव हसले नाहीत. त्यांनी दुर्गाबाईंच्या हातातलं फडकं मागून घेतलं आणि चौथी वाटी स्वतः टिपली. प्रेमलाताईंनी खालून पाणी आणि तेलाची बुधली आणली. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरला तर डासाची अळी जगत नाही आणि मुंगीही ओलांडत नाही, हे त्यांनी सांगितलं. दुर्गाबाईंनी विचारलं, "कुठलंही तेल चालतं? माझ्याकडं पापड तळलेलं आहे." चारही वाट्या भरून झाल्या. माश्या राहणार की जाणार, हे त्यांच्या दाराकडं पाहून अजून कळत नव्हतं.

रंगनाथराव आवाज ऐकून अर्ध्या जिन्यापर्यंत आले होते. "पकडलं का कुणाला, हवालदार?"

"तपास चालू आहे," भीमराव म्हणाले, आणि त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. सवय एका दुपारीत जात नाही.

रंगनाथराव खाली गेले. दुर्गाबाईंनी फडकं पिळून खांद्यावर टाकलं आणि त्याही निघाल्या. दारापाशी पोचल्या तेव्हा भीमरावांनी त्यांना थांबवलं. आवाज तुरुंगातला नव्हता. इतका हळू होता की प्रेमलाताईंनाही कान द्यावा लागला.

"दुर्गाबाई, एक विनंती आहे. वाटीत पुन्हा अळी दिसली, तर मला हाक मारा. पाणी मी बदलतो."