म्हशीची पाठ दिसली की छत्तीस तास

मुझफ्फर शेख एकतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. त्यांच्या टेबलावर एक गेज असतं. त्याचं एक टोक बुशच्या, म्हणजे धातूच्या छोट्या नळीच्या, भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाहीतर रिजेक्ट. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांच्या टेबलावर चालत नाही. एकदा कारखान्याच्या मॅनेजरने तो वापरला होता, तेव्हा शेखांनी चष्मा काढून त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं, की मॅनेजर स्वतःच माल परत घेऊन गेले.

असा माणूस दर गुरुवारी संध्याकाळी समुद्राच्या लाटांचा अंदाज लिहितो, हे ऐकून नवखा माणूस हसतो. नाशिकला समुद्र नाही. शेखांना पोहता येत नाही. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभं राहणं, एवढीच त्यांची समुद्राशी सलगी. तरीही नाशिकचे तीसेक जण त्यांचा निरोप वाचल्याशिवाय गाडीच्या टपावर सर्फिंगचे बोर्ड बांधत नाहीत.

हे सगळं सुरू झालं मुलीपायी. अदिबा कॉलेजच्या सहलीत सर्फिंग शिकली आणि नोकरी लागल्यावरही तिचं ते वेड सुटलं नाही. पेठचे घाट उतरून, धरमपूर मागे टाकून साडेतीन तासांवर वाघखाडी म्हणून एक लहानसा किनारा आहे. सीमेवरचं गाव, मराठी आणि गुजराती दोन्ही बोलणारं. तिथे पेठच्या डोंगरातून आलेली नदी समुद्राला मिळते आणि तिच्या तोंडाशी वाळूचा दांडा तयार होतो. दांडा नीट असला तर लांबून आलेली लाट त्याच्यावर उभी राहते आणि एका कडेने उलगडत जाते. दांडा बिघडला की तोच किनारा ताटासारखा सपाट. महिन्यात चार दिवस लाट, सव्वीस दिवस काही नाही, आणि ते चार दिवस कोणते हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

गेल्या वर्षी शेखांनी सांगून पाहिलं होतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधले आकडे पाहिले आणि ग्रुपवर लिहिलं, ‘रविवार सकाळ. पास.’ बावीस जण घाट उतरून गेले. समुद्र इतका शांत होता, की त्यात आपला चेहरा पाहून भांग पाडावा. सगळ्यांनी वाळूत क्रिकेट खेळलं, भजी खाल्ली आणि परत आले. त्यांच्यातला गौरांग फाटक तोंडाचा भारी तिखट. तो म्हणाला, “चाचा, पुढच्या वेळी लाट आली की मिस कॉल द्या, आम्ही निघू.” ते वाक्य वर्षभर शेखांना चिकटलं.

कारखान्यात माल परत आला की शेख रागावत नाहीत, शोध घेतात. इथेही त्यांनी तेच केलं. पुढच्या रविवारी फुटाच्या खुणा केलेला बांबू घेऊन ते ओहोटीला किनाऱ्यावर फिरले. दांडा जागेवर नव्हता. तिथे तिसऱ्यांचे शिंपले गोळा करणाऱ्या कुसाबाईंनी टोपली खाली ठेवली आणि विचारलं, “काय हरवलं काय, दादा?”

“वाळू हरवली, मावशी.”

“ती तर पंधरा दिस झाले गेली. वरनं तांबडं पानी आलं ना अमावास्येला, तेव्हाच. उधानाचं पानी आन् नदीचा पूर, दोघं एकदम वढत होते. रेती पार खोल नेली.”

शेख तिथेच वाळूत बसले आणि त्यांनी वही काढली. अ‍ॅपला समुद्र दिसत होता, पण पेठचा पाऊस दिसत नव्हता. आणि पेठचा पाऊस तर नाशिकच्या माणसाच्या हाताच्या अंतरावर.

परतताना ते पेठजवळच्या पुलाशी थांबले. तिथे नाथाचं पंक्चरचं दुकान आहे. दुकानासमोर नदीच्या पात्रात एक काळा खडक आहे. त्याला सगळे म्हैस म्हणतात, कारण एका अंगाला दोन शिंगांसारखे सुळके आहेत. पाणी चढलं की आधी पाठ बुडते, मग शिंगं.

“नाथाभाऊ, मला फक्त एवढं कळवायचं. म्हैस बुडाली कधी आणि पाठ पुन्हा दिसली कधी. वेळ घड्याळात बघून.”

“आन् त्याचं तुमी काय करनार?”

“समुद्राचा अंदाज.”

नाथाने हातातली ट्यूब बादलीत बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहत म्हणाला, “लय लांबचा समुद्र पकडला, साहेब. पन सांगंन.”

आणि त्याने सांगितलं. वर्षभरात अकरा वेळा म्हैस बुडाली आणि अकरा वेळा वर आली. दर वेळी अदिबाने किंवा कुसाबाईंनी खाडीच्या तोंडाशी पाणी कधी निवळलं ते कळवलं. शेखांनी दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहिल्या. पाठ दिसली की छत्तीस तासांनी तोंडाशी पाणी निवळतं. कधी पस्तीस, कधी सदतीस, त्याच्या बाहेर नाही. एवढा टॉलरन्स त्यांना मान्य होता. दुसरी गोष्ट कळली ती कुसाबाईंमुळे. पूर उधाणात आला तर वाळू खोल जाते. पण भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर कमी असताना आला, तर नदी आणलेली वाळू तोंडाशीच टाकते आणि दांडा उलट चांगला होतो. त्यानंतर शेखांचा अंदाज चुकला नाही. तरी गौरांगचा मिस कॉल काही सुटला नाही.

यंदा मार्चमध्ये अदिबाने नोकरी सोडली आणि वाघखाडीला सर्फिंगचे वर्ग सुरू केले. तिच्या अम्मीने, आलिमाने, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी डब्यात थालीपीठं बांधून दिली. वर्ग चालले, पण बाहेर कुणी मानत नव्हतं. शेवटी अदिबाच्या खटपटीने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे एक छोटी स्पर्धा ठरली. मुंबईहून दोन परीक्षक येणार होते. त्यांना किनारा पसंत पडला, तर पुढच्या वर्षीच्या स्पर्धांच्या यादीत वाघखाडीचं नाव लागणार आणि अदिबाच्या वर्गांना मान्यता मिळणार. नाहीतर गाशा गुंडाळायचा. परवानगी शनिवार आणि रविवार अशी दोन दिवसांची होती, पण परीक्षक एकच दिवस देणार होते. कुठला, ते शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं होतं.

गुरुवारी पेठच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. दुपारी नाथाचा फोन आला, “साहेब, म्हैस गेली. शिंगंबी गेली.”

ग्रुपवर एकच गोंधळ उडाला. शुक्रवारी दुपारी गौरांग आणि अदिबा किनाऱ्यावर होते आणि शेख कारखान्यात. जेवणाच्या सुटीत फोन झाला. स्पीकरवर गौरांगचाच आवाज मोठा.

“चाचा, अ‍ॅप शनिवार सांगतंय. लाटा मोठ्या आहेत. पुराने दांडा जायच्या आत उरकून टाकू. गेल्या वर्षीचं आठवतंय ना?”

“मला आठवतंय. तू विसरू देतोस कुठे? अदिबा, ओहोटी आहे का आत्ता?”

“हो अब्बा. पण पाणी चहासारखं झालंय, तळ दिसतच नाही.”

“तळ बघायचा नाही. कुसाबाईंना विचार, पाय कुठपर्यंत टेकतो.”

थोड्या वेळाने कुसाबाईंचा आवाज आला. त्या फोनवर नेहमी समोरचा माणूस नदीपलीकडे असल्यासारख्या बोलायच्या. “दादा, वाकड्या सुरूच्या झाडासमोर शंभर पावलं गेले मी! गुडघाभर पानी! तिथं जल्मात उभं राहता येत नवतं!”

शेखांनी डबा बंद केला. षष्ठीचा पूर. भांग लागत होता. नदी वाळू नेत नव्हती, आणत होती.

“दांडा जात नाही, बनतोय. पण उद्या पाण्याची ओढ असणार, लाट फाटेल. कधी निवळेल ते म्हैस सांगेल.”

“चाचा, दोन परीक्षक मुंबईहून येणार आणि तुम्ही म्हशीला विचारणार?” गौरांग म्हणाला.

“मॅनेजरपेक्षा ती बरी. बहुतेक म्हणत नाही.”

पाचला शिफ्ट सुटली. शेख गेटबाहेर मोटारसायकलला टेकून उभे राहिले. बसथांब्यावर गर्दी होती. त्यांनी फोन हातातच धरला होता. पाच वाजून सहा मिनिटांनी नाथाचा फोन आला.

“शिंगं दिसली, साहेब. पाठ नाय अजून.”

“फोन ठेवू नका. बघत राहा.”

पलीकडे ट्रकचे हॉर्न, कुणीतरी हवा भरून मागतंय, नाथा त्याला सांगतोय, “थांब जरा, म्हैस बघतोय.” त्या गिऱ्हाइकाला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

“दिसली! पाठ दिसली, साहेब! कावळाबी बसला तिच्यावर!”

पाच वाजून चौदा मिनिटं. त्यात छत्तीस तास मिळवले, की रविवार पहाटे पाच चौदा. टॉलरन्स धरला तर फार तर सव्वासहा. रविवारी भरती साडेआठला पूर्ण होणार. म्हणजे चढत्या भरतीचे दोन तास, साडेसहा ते साडेआठ, मधे पाव तासाची फट. शेखांनी याहून बारीक फटीत बसणारे बुश पास केले होते. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं:

‘शनिवार रिजेक्ट. रविवार सकाळी ६.३० ते ८.३०, मतलई (जमिनीकडचा) वारा, लाट छातीइतकी, उजव्या हाताला उलगडणारी. पास.’

अदिबाने एकच शब्द परत पाठवला, ‘कळवते.’ पाच चाळीसला परीक्षकांना रविवार कळवला गेला.

शनिवारी सकाळी शेख नाश्ता करत असताना गौरांगने व्हिडिओ पाठवला. डोक्याएवढ्या लाटा, फेसच फेस. खाली लिहिलं होतं, ‘चाचा, मग हे काय आहे?’

आलिमाने खांद्यावरून पाहिलं. “अहो, या तर केवढ्या मोठ्या आहेत! पोरीचं नुकसान तर नाही ना केलं तुम्ही?”

शेखांनी व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिला. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम कोसळत होती.

“ही लाट नाही, भिंत पडतेय. हिच्यावर कोण उभं राहणार? पोहे वाढ अजून.”

तरी दुपारी दोघं वाघखाडीला निघताना त्यांनी वही दोनदा उघडून पाहिली, हे आलिमाच्या नजरेतून सुटलं नाही. पेठच्या पुलावर गाडी थांबवून त्यांनी खाली पाहिलं. म्हैस अर्ध्या पोटापर्यंत उघडी होती. नाथाने दुकानातूनच हात केला.

रविवारी सकाळी साडेसहाला वारा जमिनीकडून येत होता आणि पाणी हिरवट झालं होतं. एवढं बरोबर. पण लाट नव्हती. सोळा स्पर्धक बोर्ड घेऊन उभे. परीक्षकांतल्या बाईंनी थर्मासमधला चहा ओतला. पावणेसात झाले. सात झाले. अदिबा बापाकडे पाहत नव्हती. ती वाकून बोर्डाची दोरी पायाला बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. गौरांग शेखांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“बोल की,” शेख म्हणाले. “मिस कॉल देऊ?”

“चाचा, प्लीज.”

“भरती अजून हातभर चढू दे. पाण्याला दांड्यावर यायला तर हवं.”

सात वाजून नऊ मिनिटांनी लांबवर एक काळी रेघ दिसली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. पहिली लाट वाकड्या सुरूसमोर उभी राहिली, क्षणभर थांबल्यासारखी वाटली आणि एका कडेने उलगडत निघाली. अदिबाचा क्रम पहिल्याच फेरीत होता. तिने चार हात मारले, उठली, आणि लाटेच्या अंगावरून वाळूच्या रेषेने थेट नदीच्या तोंडापर्यंत गेली. शेखांच्या हातात स्टॉपवॉच होतं. अकरा सेकंद. आलिमा ओरडत होती ते त्यांना नंतर कळलं.

आठ वाजून वीस मिनिटांनी भरती पूर्ण चढत आली आणि लाट मऊ पडली. तोवर सगळ्या फेऱ्या झाल्या होत्या. अदिबा दुसरी आली. शेखांनी वहीत लिहिलं, ‘३९ मिनिटं उशिरा सुरू, १० मिनिटं आधी बंद. दांडा अपेक्षेपेक्षा उंच.’

कागद आवरताना परीक्षक बाई म्हणाल्या, “किनारा सुंदर आहे. पण बेभरवशाचा. यादीत घातला आणि पुढच्या वर्षी लाट नसली तर? खात्री देता?”

अदिबाने तोंड उघडलं, मग बापाकडे पाहिलं.

“लाट असेल याची खात्री नाही,” शेख म्हणाले. “नसेल तर दीड दिवस आधी सांगू, याची आहे.”

बाईंनी गौरांगकडे पाहिलं. “हे खरंय?”

“मॅडम,” गौरांग म्हणाला, “काल मी यांच्याशी वाद घालत होतो. आज मी यांच्यासाठी नाश्ता आणायला चाललोय.”

बाई हसल्या. यादीच्या कागदावर त्यांनी वाघखाडी लिहिलं आणि पुढे कंसात, ‘तारीख आयत्या वेळी.’ अदिबाने ते उलटं वाचलं आणि ओल्या कपड्यांनिशी बापाला मिठी मारली. शेखांचा शर्ट भिजला. समुद्राचं पाणी एवढं वर येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

त्यांनी नाथाला फोन लावला.

“काय झालं, साहेब?”

“पास. नाथाभाऊ, पुढच्या वेळी तुम्ही या इथे. तुमचं पाणी कुठे जातं ते बघा तरी.”

पलीकडे नाथाने हवा भरायचा पंप बंद केला. त्याला यायचं असावं.

“येतो की,” तो म्हणाला. “पन साहेब, मी तिकडं आलो तर म्हैस कोन बघंल?”